वाचक विचारतात : जर्सीवरचे नाव, कोर्टावरचा रंग

या महिन्याच्या टपालात बास्केटबॉलच्या गणवेशाविषयी आणि कोर्टाविषयी बरीच पत्रे आली. ती मराठवाड्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आली असली, तरी बहुतेकांचा रोख एकच आहे : प्रायोजकाला जागा किती द्यायची, आणि ती दिल्यावर ती जर्सी किंवा ते कोर्ट किती वर्षे वापरात राहील. म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ विभागीय स्पर्धेत उतरणार आहे. गावातील एका कृषी सेवा केंद्राचे मालक सगळ्यांना जर्सी देण्यास तयार आहेत. मात्र छातीभर दुकानाचे नाव असावे आणि क्रमांक खाली लहान घ्यावा, असा त्यांचा आग्रह आहे. व्यावसायिक संघांत हे कसे ठरते?
– एक क्रीडाशिक्षक, जि. परभणी

उत्तर : सर, व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये याची एकच रीत नाही. युरोपात प्रायोजक थेट संघाच्या नावातच येऊन बसतो. मिलान शहराचा ऑलिंपिया हा जुना क्लब निरनिराळ्या काळात सिमेंथाल, ट्रेसर आणि अरमानी या नावांनी ओळखला गेला, आणि त्यातील सिमेंथाल हे तर डबाबंद मांसाचे नाव होते. फिलिपाइन्समध्ये १९७५ साली सुरू झालेल्या व्यावसायिक लीगमध्ये संघ शहरांचे नसून कंपन्यांचे असतात. आपल्याकडेही भारतीय रेल्वे, इंडियन ओव्हरसीज बँक, ओएनजीसी अशा संस्थांच्या संघांनीच हा खेळ वर्षानुवर्षे तोलून धरला असल्याने छातीवर संस्थेचे नाव पाहून आपल्या प्रेक्षकाला वेगळे वाटत नाही.

अमेरिकेतील एनबीए ही पुरुषांची व्यावसायिक लीग मात्र या बाबतीत फार काळ सोवळी राहिली. तेथील महिलांच्या लीगने, म्हणजे डब्ल्यूएनबीएने, ही वाट आधी धरली. २००९ मध्ये फिनिक्स मर्क्युरी संघाच्या जर्सीवर समोरच्या बाजूला लाइफलॉक या कंपनीचे नाव आले. पुरुषांच्या लीगने एप्रिल २०१६ मध्ये संमती दिली, तीही २०१७-१८ च्या हंगामापासून तीन वर्षांच्या प्रयोगापुरती, आणि जागा आखून दिली ती डाव्या खांद्याखाली सुमारे अडीच इंच लांब व अडीच इंच रुंद एवढीच. तेथे लावलेल्या प्रायोजकाच्या नावाच्या तुकड्याला पॅच म्हणतात. त्याच हंगामात गणवेश बनवण्याचे काम नायकीकडे गेले आणि उत्पादकाचे चिन्हही एनबीएच्या जर्सीवर प्रथमच दिसू लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, ते आपण पाहिले असतील तर आठवून पाहा : दुरून नजरेत भरत होते ते संघाचे नाव आणि क्रमांक, आणि पॅच लक्षात यायचा तो खेळाडू जवळून दाखवला जाई तेव्हाच.

ही मर्यादा सौंदर्यासाठी आहे, तेवढीच ती खेळ नीट चालावा यासाठीही आहे. पंच फाउल दिला की टेबलाकडे हाताने क्रमांक दाखवतो, गुणलेखक तो टिपून घेतो, आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर जातो. हा सगळा हिशेब क्रमांक दिसण्यावर उभा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार क्रमांक जर्सीच्या रंगावर ठळक उठून दिसणारा असावा लागतो, त्याच्या अंकांची रुंदी किमान दोन सेंटीमीटर असावी लागते, आणि जाहिरात त्याला चिकटून चालत नाही. आपल्या दुकानदारांचा आग्रह आपण मान्य केलात, तर सामन्याच्या सकाळी पंचांनी तो संच नाकारण्याची भीती आहे. त्यांना हे कारण सांगितले तर ते समजून घेतील, असे मला वाटते. खेळता न येणारी जर्सी त्यांच्याही उपयोगाची नाही.

आता मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्याकडे जर्सी बहुधा सब्लिमेशनने छापतात. कागदावरचा रंग सुमारे दोनशे अंश सेल्सियस उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरतो, त्यामुळे कापडाचा कोपरान्‌कोपरा एकाच खर्चात छापता येतो आणि म्हणूनच दुकानदारालाही छातीभर नाव मागावेसे वाटते. पण धाग्यात शिरलेला रंग परत काढता येत नाही. पुढच्या वर्षी प्रायोजक बदलला, की उत्तम अवस्थेतले बारा-पंधरा गणवेश केवळ त्यावरच्या नावापायी बाद होतात. पॅच शिवलेला असेल तर शिंप्याकडून अर्ध्या तासात उसवून घेता येतो. एनबीएने पॅच सुरू केला तेव्हा चाहत्यांसाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या जर्सींवर तो ठेवला नव्हता, तो संघाच्या स्वतःच्या दुकानांपुरता होता. जर्सी घेणाऱ्याला ती पाच-सात वर्षे अंगावर घालायची असते आणि करार त्याच्या आधीच संपलेला असतो. तेव्हा दुकानाचे नाव डाव्या बाजूला शिवलेल्या पॅचवर घ्या, सरावाच्या टी-शर्टवर मोठे घ्या, आणि जर्सीवर छापायचे ते शाळेचे नाव आणि क्रमांक. आणखी एक उदाहरण त्यांच्या कानावर घालावे असे आहे. यूटा जॅझ संघाची पॅचची जागा २०१७ मध्ये क्वालट्रिक्स या कंपनीने घेतली आणि स्वतःच्या नावाऐवजी तेथे कर्करोग संशोधनासाठी निधी गोळा करणाऱ्या मोहिमेचे नाव लावले. त्या पॅचमुळे कंपनीचे नावही सर्वदूर पोहोचले.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापूस आहे. मी महाविद्यालयाच्या संघातून खेळते. हल्ली बाटल्यांपासून केलेल्या जर्सी पर्यावरणाला चांगल्या म्हणून विकल्या जातात. मग सुती जर्सी त्याहून चांगली नाही का?
– एक विद्यार्थिनी, जालना

उत्तर : तुझ्या प्रश्नामागची कळकळ मला समजते, कारण ज्या भागातील पऱ्हाटीवर जिनिंगच्या गिरण्या चालतात आणि जेथे नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच-४४ सारखे वाण दिले, तेथील मुलीने पॉलिस्टर घालून खेळावे हे मनाला रुचत नाही. पण खेळाच्या दृष्टीने पाहिले तर फरक मोठा आहे. सामान्य हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतो आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. घामाने भिजलेली सुती जर्सी जड होते, अंगाला चिकटते आणि लवकर वाळत नाही. पॉलिस्टरवरचा घाम पृष्ठभागावर पसरून उडून जातो. मे महिन्यातल्या संध्याकाळी चाळीस मिनिटांचा सामना खेळलीस की हे तुला कोणी सांगावे लागणार नाही. शिवाय वर सांगितलेले सब्लिमेशन सुती कापडावर टिकत नाही. म्हणजे सुताला कोर्टावरून हटवण्यात घामाइतकाच छापील जाहिरातीचाही वाटा आहे.

आता बाटल्यांचे. पाण्याची बाटली आणि पॉलिस्टरचा धागा हे दोन्ही पीईटी या एकाच द्रव्याचे असतात. बाटल्या धुऊन त्यांचे तुकडे करतात, सुमारे अडीचशे अंशांच्या पुढे ते वितळतात आणि बारीक छिद्रांतून त्याचा धागा ओढतात. एनबीएचा गणवेश नायकीकडे गेला तेव्हा एका गणवेशात सुमारे वीस बाटल्यांचे प्लास्टिक असल्याचे कंपनीने सांगितले होते. २०१५ च्या विश्वचषकासाठी भारतीय क्रिकेट संघाच्या पोशाखाबाबत हा आकडा सरासरी ३३ बाटल्यांचा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत घातलेले निळे जाकीटही अशाच धाग्याचे होते. हे काम खरे आहे आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. नव्या खनिज तेलापासून धागा करण्यापेक्षा यात ऊर्जा कमी लागते.

तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेव. बाटलीपासून पुन्हा बाटली होऊ शकते, पण रंगवलेल्या, छापलेल्या आणि लवचीक धागा मिसळलेल्या जर्सीपासून पुन्हा जर्सी करणे फार अवघड असते. बाटलीचा प्रवास बहुधा तेथेच संपतो. आणि प्रत्येक धुण्यात पॉलिस्टरचे सूक्ष्म तंतू सुटून पाण्यात जातात, मग ते पुनर्वापराचे असो वा नवे.

याहून मोठा प्रश्न जर्सींच्या संख्येचा आहे. २०१७ पासून एनबीएच्या प्रत्येक संघाला असोसिएशन, आयकॉन, स्टेटमेंट आणि सिटी असे चार प्रकारचे गणवेश आले, आणि त्यातील सिटी प्रकार जवळजवळ दरवर्षी नवा असतो, कारण नवी जर्सी म्हणजे नवी विक्री. बारा खेळाडूंच्या एका संचात वीसच्या हिशेबाने २४० बाटल्या जातात. त्या वाचवल्याचे समाधान घ्यायचे आणि पुढच्या वर्षी तो संच कपाटात टाकून नवा करायचा, तर धागा कशाचा आहे याला फारसा अर्थ उरत नाही. एखाद्या तीन दिवसांच्या स्पर्धेत एका संघाकडून याहून जास्त बाटल्या मैदानावर पडलेल्या मी पाहिल्या आहेत. तेथे पाण्याचे जार आणि स्टीलचे पेले ठेवले तर तेवढीच बचत नवी जर्सी न शिवता होते.

पाण्याचा मुद्दा आपल्या भागात टाळता येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे कोणी विसरलेले नाही. कापड रंगवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत पाणी पुष्कळ लागते आणि रंगीत सांडपाणी मागे उरते. सब्लिमेशनमध्ये रंग कोरडाच चढतो. या एका बाबतीत छापील पॉलिस्टर आपल्या कापसाहून उजवे ठरते, हे मला मान्य करावे लागते. कापसाला त्याची जागा आहेच : सरावाआधीचा सैल टी-शर्ट, टॉवेल, गणवेश ठेवण्याची पिशवी. सामन्याची जर्सी मात्र पॉलिस्टरची घे, चांगल्या शिलाईची घे, आणि तुझ्यानंतर येणाऱ्या मुलीलाही ती घालता येईल अशी जप. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे यजमान संघ फिक्या रंगात आणि पाहुणा संघ गडद रंगात खेळतो, म्हणून दोन संच लागतात. सरावासाठी तरी दोन्ही बाजूंनी घालता येणारी जर्सी घेतली तर एका कापडात काम भागते.

प्रश्न : पुनर्वापराच्या धाग्याची जर्सी लवकर फाटते, हे खरे का?
– एक पालक, हिंगोली

उत्तर : ही समजूत २०१७ च्या ऑक्टोबरात पसरली. एनबीएचे नवे गणवेश आल्याआल्याच लेब्रॉन जेम्ससह काही खेळाडूंच्या जर्सी सामन्यात टरकन फाटल्या आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. पण प्रतिस्पर्ध्याने मुठीत धरून ओढलेली, वजन कमी करण्यासाठी अतिशय विरळ विणलेली जाळी फाटण्याशी बाटलीचा संबंध लावणे बरोबर नाही. घेताना काखेची आणि खांद्याची शिलाई ताणून पाहावी.

प्रश्न : आमच्या मंडळाला उघड्यावरचे कोर्ट बांधायचे आहे. देणगीदाराची इच्छा आहे की मध्यवर्तुळात त्याच्या उद्योगाचे चिन्ह असावे आणि संपूर्ण कोर्ट दूरदर्शनवर दिसते तसे गडद, चकचकीत रंगाचे असावे. आम्ही काय करावे?
– मंडळाचे एक कार्यकर्ते, लातूर

उत्तर : भाऊ, आधी जमिनीकडे पाहू, मग रंगाकडे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून तडकते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकले तर दोन-तीन वर्षांत तडे वर येतात, आणि मग वरचे चिन्ह कितीही सुंदर असले तरी चेंडूचा टप्पा वेडावाकडा पडतो. काळी माती पुरेशी खोल काढून, मुरमाचा भराव थराथराने पाणी मारून दाबून, दगडांचे सोलिंग करून मगच काँक्रीट टाकावे आणि पाणी एका बाजूला वाहून जाईल असा किंचित उतार ठेवावा. आंतरराष्ट्रीय मापाचे कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, म्हणजे ४२० चौरस मीटर. भोवतीची मोकळी जागा वेगळी. देणगीतील मोठा वाटा जमिनीखाली जाईल आणि तो कोणाला दिसणार नाही, हे देणगीदारांना आधीच मोकळेपणाने सांगावे.

व्यावसायिक कोर्ट लाकडाचे असते, तरी त्यावरून आपल्याला शिकता येईल. अमेरिकेत त्यासाठी हार्ड मेपल वापरतात. मिशिगन, विस्कॉन्सिन अशा थंड प्रदेशांत ते झाड सावकाश वाढते, त्यामुळे लाकूड घट्ट असते, त्याच्या ढलप्या निघत नाहीत आणि टप्पा सगळीकडे सारखा मिळतो. अपवाद बॉस्टनचा : दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची टंचाई असताना १९४६ मध्ये तेथे ओकच्या उरल्यासुरल्या तुकड्यांपासून चौकटी जोडून कोर्ट केले गेले, आणि टंचाईतून जन्मलेली तीच नक्षी पुढे तेथील सेल्टिक्स संघाची ओळख झाली. ते कोर्ट १९९९ पर्यंत वापरात होते. त्यावर कोणाचे नाव मोठ्याने लिहिलेले नव्हते, म्हणून ते बदलण्याचे कारणही वारंवार पडले नाही.

लाकडी कोर्टावरचे चिन्ह बदलायचे तर वरचे पॉलिश आणि रंग घासून लाकूड उघडे करावे लागते, मग नवा रंग, नवे पॉलिश. प्रत्येक घासणीत लाकडाचा एक थर जातो; नीट जपलेली मेपलची जमीन अनेक दशके टिकते, पण तिला अशी घासणी ठरावीक वेळाच सोसते. मायामीच्या क्रीडागृहाला २०२१ मध्ये एफटीएक्स या आभासी चलनाच्या कंपनीचे नाव मिळाले, करार १९ वर्षांचा आणि साडेतेरा कोटी डॉलरचा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनी कोसळली, नाव उतरवावे लागले, आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीचे नाव आले. एकोणीस वर्षांच्या कराराचे आयुष्य दीड वर्षाचे निघाले. आपल्या देणगीदारांच्या उद्योगाला दीर्घायुष्य लाभो, परंतु कोर्ट त्यावर अवलंबून राहू नये.

आता संपूर्ण रंगीत कोर्टाविषयी. नोव्हेंबर २०२३ मध्ये एनबीएने नवी अंतर्गत स्पर्धा सुरू करताना तीसही संघांसाठी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रंगवलेली वेगळी कोर्ट तयार केली, ती दूरदर्शनवर चटकन ओळखू यावीत म्हणून. गटातील चार सामन्यांपैकी दोनच घरच्या कोर्टावर होतात. एवढ्या थोड्या रात्रींसाठी एवढे लाकूड आणि एवढा रंग, हे मला पटत नाही. त्यातच बनावटीतील दोषामुळे डॅलसला आपले कोर्ट सुरुवातीला वापरता आले नाही, आणि टोरांटोच्या कोर्टावर पाय घसरल्याची तक्रार बॉस्टनच्या जेलन ब्राउनने उघडपणे केली.

तुमच्याकडे हाच धोका दुसऱ्या रूपाने येतो. काँक्रीटवर लावायच्या अ‍ॅक्रिलिक रंगात बारीक वाळू मिसळलेली असते, तिच्यामुळे बुटाला पकड मिळते. कोर्ट तसे करतात आणि मध्यवर्तुळातील चिन्ह मात्र कमानी रंगवणाऱ्या पेंटरकडून ऑइलपेंटने काढून घेतात. त्या चकचकीत गोलावर घामाचे दोन थेंब पडले की पाय सरकतो, आणि सामन्याची सुरुवातीची उडी नेमकी तेथेच होते. चिन्ह घ्यायचेच असेल तर ते वाळूमिश्रित अ‍ॅक्रिलिकमध्येच, १.८० मीटर त्रिज्येच्या त्या वर्तुळाबाहेर न जाता आणि आतील रेषा न झाकता घ्यावे. माझी पसंती विचाराल तर चिन्ह कोर्टाच्या कडेच्या भिंतीवर किंवा बोर्डाच्या खांबांच्या गादीवर घ्यावे. तेथे ते छायाचित्रांत अधिक दिसते आणि बदलताना कोर्टाला हात लागत नाही. संपूर्ण जमीन गडद करू नका. एप्रिल-मे मध्ये गडद पृष्ठभाग संध्याकाळपर्यंत तापलेला राहतो, आणि उन्हाने त्याचा रंगही लवकर विटतो. फिका हिरवा किंवा राखाडी रंग घ्यावा, रंग हवाच तर बास्केटखालच्या चौकोनात घ्यावा. फ्लेक्सऐवजी कापडी फलक लावलेत तर स्पर्धेनंतरचा कचराही तेवढा कमी होईल.

प्रश्न : काचेचे कोर्ट हेच भविष्य आहे का?
– नांदेड

उत्तर : फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडियानापोलिसला एनबीएच्या ऑल-स्टार शनिवारी जर्मन बनावटीचे, खाली एलईडी दिवे असलेले काचेचे कोर्ट वापरले गेले, त्याआधी २०२३ मध्ये माद्रिदला मुलींच्या १९ वर्षांखालील विश्वचषकातही ते होते. रेषा आणि जाहिरात क्षणात बदलते, घासणी नाही, रंग नाही. मात्र ते अतिशय खर्चिक आहे आणि विजेवर चालते. दूरदर्शनच्या प्रक्षेपणात हल्ली कोर्टावर जी जाहिरात उमटलेली दिसते, ती अनेकदा प्रत्यक्षात तेथे नसतेच. केवळ पडद्यावर चढवलेली असते. साहित्य न वापरता जाहिरात करण्याचा तो मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो.

प्रश्न : पर्यावरणाचे नाव घेऊन कंपन्या जाहिरात करतात, त्यावर विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नावापेक्षा इमारत पाहावी. सिएटलच्या क्रीडागृहाचे नामाधिकार २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतले आणि स्वतःच्या नावाऐवजी ‘क्लायमेट प्लेज अरेना’ असे नाव दिले. महिलांचा सिएटल स्टॉर्म संघ तेथे खेळतो. १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले मूळ छत न पाडता, ते तोलून धरून खाली नवे बांधकाम केले गेले, आणि आइस हॉकीच्या बर्फासाठी छतावरचे पावसाचे पाणी वापरले जाते. हे काम नाव बदलले तरी तेथेच राहील. उलट फिनिक्सच्या क्रीडागृहाला २०२१ मध्ये वनस्पतिजन्य वेष्टने बनवणाऱ्या फूटप्रिंट या कंपनीचे नाव मिळाले, ते २०२५ मध्ये उतरले. २००६ मध्ये एनबीएने चामड्याऐवजी कृत्रिम धाग्याचा चेंडू आणला, तेव्हा प्राणिमित्रांना आनंद झाला होता. पण खेळाडूंना न विचारता आणलेल्या त्या चेंडूने त्यांची बोटे कापली जाऊ लागली आणि १ जानेवारी २००७ पासून चामड्याचा चेंडू परत आला. असा बदल करण्याआधी तो ज्यांच्या हातात जाणार, त्यांना विचारलेले असावे.

प्रश्न : जुन्या प्रायोजकाच्या नावाच्या तीस-चाळीस जर्सी पडून आहेत. त्यांचे काय करावे?
– एक प्रशिक्षक, उदगीर

उत्तर : सरावात दोन संघ वेगळे दिसावेत म्हणून त्या वापरा, किंवा तालुक्याच्या लहान शाळेला द्या, तेथे नाव कोणाचे आहे हे कोणी पाहणार नाही. अगदी विटलेल्या असतील तर बाह्यांच्या कडा कापून चेंडू ठेवण्याच्या पिशव्या शिवता येतात. गोधडीत मात्र त्या घालू नका. कापड निसरडे असल्याने टाके सरकतात, आणि ठिणगी पडली तर पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटते. त्याच कारणाने त्या चुलीत किंवा शेकोटीत कधीही टाकू नयेत.